गुरुवारचे हिरडीवाले सर

माणूस भेटला की आपण विचारतो, "काय, बरं आहे ना?" सर विचारायचे, "रक्त येतं का?"

ओळख असो वा नसो. श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर उतरले की पहिला प्रश्न चहावाल्याला, मग रिक्षावाल्याला, मग माझ्या दवाखान्याच्या पायरीवर पेपर वाचत बसलेल्या कोणालाही. समोरचा दचकायचा. एकाने तर घाबरून आपला सदरा चाचपून पाहिला, कुठं लागलंबिगलं की काय म्हणून. सर शांतपणे म्हणायचे, "ब्रश करताना म्हणतोय मी. हिरड्यांतून." त्यावर "कधीमधी येतं की" असं उत्तर आलं की सरांचा चेहरा असा खुलायचा, की त्या बिचाऱ्याला वाटावं, आपल्या घरी पेढेच वाटायला हवेत.

सर हिरड्यांचे डॉक्टर. मी दातांची. हा फरक आमच्या तालुक्यात कोणाला कळत नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो कळावा अशी माझीही काही फार इच्छा नव्हती. लहान गावात हिरड्यांचा डॉक्टर कायमचा बसून राहील एवढं काम नसतं. म्हणून आम्ही दातवाले असले अवघड रोगी जमवून ठेवतो आणि ठरल्या वारी तज्ज्ञ येऊन बघून जातो. सरांचं घर नगरला. राहुरीला एक वार, नेवाशाला एक, संगमनेरला एक, असा त्यांचा आठवडा वाटलेला. गुरुवार आमचा. त्या दिवशी माझ्या दवाखान्यात हिरड्यांचा बाजार भरायचा आणि मी माझ्याच दुकानात गिऱ्हाईक असल्यासारखी एका कडेला उभी असायचे.

घरी चांगली गाडी असून सर एसटीने यायचे. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "गाडीत एकच तोंड असतं, तेही माझं. एसटी तोंडांनी भरलेली असते." ते मुद्दाम पुढची, उलट्या तोंडाची सीट पकडायचे, म्हणजे सगळी बस समोर दिसते. दुपारच्या उन्हात माणसं जांभया देतात. सर त्या जांभयांमध्ये बघत बसायचे. "जांभई म्हणजे फुकटचं शिबिर असतं," असं त्यांचं मत. खिशात एक छोटी बॅटरी असायची. एखादी जांभई फारच मोठी आणि आशादायक निघाली तर बॅटरी पेटायचीसुद्धा. या मार्गावरचे कंडक्टर त्यांना इतके घाबरून होते की सर बसमध्ये असले की तोंडावर हात ठेवून तिकीट विचारायचे.

मला ते 'दातवाल्या बाई' म्हणायचे. आधी राग यायचा. मग कळलं की त्यांच्या दृष्टीनं जगात दोनच जाती आहेत, दातवाले आणि हिरडीवाले, आणि दातवाल्यांची त्यांना कीव येते. "दात म्हणजे नवरदेव हो," ते म्हणायचे. "सगळे त्याच्याकडेच बघतात. मांडव कोणी धरून ठेवलाय ते कोणी बघत नाही." मी म्हणायचे, "सर, हिरडी दाखवून कोणी फोटो काढत नाही." मग त्या दिवशी माझ्या हातून एकही दात काढून व्हायचा नाही. मी चिमटा हातात घेतला की हे दारात हजर. "का काढताय?" मी सांगायचे, हलतोय. ते आत यायचे, अंगठ्यानं दात मागेपुढे करून बघायचे आणि रोग्याला सांगायचे, "दाताला काही झालेलं नाही. त्याच्या पायाखालची जमीन वाहून गेलीय. आधी जमीन बघू." रोगी खुर्चीतून उठून त्यांच्या खुर्चीत जाऊन बसायचा. मी चिमटा परत उकळत्या पाण्यात टाकायचे आणि मनातल्या मनात सरांना उकळत्या पाण्यात टाकायचे.

ब्रश कसा करायचा ते ते मक्याच्या कणसावर शिकवायचे. पिशवीत कायम एक कणीस. दाणे म्हणजे दात, दाण्यांच्या बुडाशी हिरडी. "खराखरा घासू नका, भांडी नाहीत ती. ब्रश तिरका धरा, हिरडीकडून दाताकडं फिरवत आणा. वरचे वरून खाली, खालचे खालून वर." रक्त येतं म्हणून लोक ब्रश करायचंच सोडून देतात, याचा त्यांना फार राग. "अंगणात कचरा साठला म्हणून झाडू लपवून ठेवता का?" असं विचारायचे. एकदा वडाळ्याकडचे एक आजोबा भांडायलाच आले. "तुमी दात साफ केलं आन् माजं दात हालाया लागलं. आधी कसं गच्च हुतं!" सर म्हणाले, "आजोबा, पडक्या भिंतीला ढिगारा टेकला होता, म्हणून भिंत उभी दिसत होती. मी ढिगारा काढला. भिंत पडकी मी केली का?" आजोबा विचारात पडले. मग म्हणाले, "मंग ढिगारा ऱ्हाऊ द्यायचा की." सर त्यांना दारापर्यंत सोडायला गेले आणि परत येऊन म्हणाले, "ह्या माणसाला मी आवडतो." पुढच्या गुरुवारी आजोबा खरंच परत आले.

रोगी बरा झाला की त्याची परीक्षा असायची. आमचा भाग उसाचा. सर येताना स्टँडबाहेरच्या रसवंतीवरून उसाचं एक कांडं मागून आणायचे आणि रोग्यासमोर धरायचे. दातांनी सोलून दाखवा. सोललं की पास. माझ्या स्वच्छ पांढऱ्या फरशीवर उसाची सालं आणि चोयट्या पडलेल्या असायच्या आणि एखादा पन्नाशीचा माणूस हनुवटीवरून रस गाळत लहान पोरासारखा हसत असायचा. मुंग्या मात्र पुढच्या गुरुवारपर्यंत मला बघाव्या लागायच्या.

आता सासूबाईंचं सांगायला हवं. दवाखाना खाली, आम्ही वर राहतो. सासूबाई मिश्री लावतात. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट भाजायची, पूड करायची, बोटावर घ्यायची आणि हिरड्यांवरून फिरवत निवांत बसायचं. सून दातांची डॉक्टर झाली म्हणून त्यांनी ही सवय सोडली नाही. सुनेच्या पाठीमागं लावायला लागल्या, एवढाच फरक पडला. सर दुपारी जेवायला वर यायचे. पहिल्याच गुरुवारी त्यांनी जिन्यातच विचारलं, "आजी, रक्त येतं का?" सासूबाईंनी तोंड मिटलं ते मिटलंच. त्यानंतर दर गुरुवारी सकाळी मला विचारायच्या, "त्यो तुजा हिरडीवाला यायचाय का आज? मंग मी बोलत न्हाई." आणि खरंच दिवसभर बोलायच्या नाहीत. पदर तोंडावर, सगळा कारभार मानेनं आणि हातानं. आळीतल्या बायकांना वाटलं, गुरुवार म्हणजे दत्तगुरूंचा वार, म्हातारीनं मौन धरलंय. दोन-तीन जणी पायाही पडून गेल्या. सासूबाईंनी आशीर्वाद दिला, तोही तोंड न उघडता.

सर काय कमी होते? त्यांना सगळं कळलं होतं. "तुमच्या सासूबाईंचं बोट सगळं सांगतं," मला हळूच म्हणाले, "तोंड कधी सांगेल ते बघू." मग त्यांनी त्यांना हसवायचे प्रयत्न सुरू केले. जेवताना विनोद सांगायचे. सरांचे विनोद ऐकून हसू येणं तसं अवघडच, पण सासूबाईंचे खांदे हलायचे, डोळ्यांत पाणी यायचं, आणि पदराआड ओठ मात्र कडीकुलपात. शनिशिंगणापुराला घरांना दारं नसतात म्हणे. "त्या गावची एकसुद्धा लेक तुमच्या घरात कशी आली नाही?" असं सर वैतागून म्हणायचे.

पुढं हाताला बारीकसा कंप सुटला तेव्हा सरांनी एका दिवसात सगळे वार बंद केले. "थरथरत्या हातानं हिरडीला शिवायचं नसतं," म्हणाले, आणि मला काही बोलूच दिलं नाही. आता नगरला असतात. फोन केला की पलीकडून अजूनही तोच प्रश्न येतो. पण मला त्यांची आठवण येते ती बँडमास्तरांमुळं.

मास्तर आमच्या गावचे जुने बँडवाले. चर्चच्या मागच्या आळीत राहायचे. लाल कोट, सोनेरी झालर आणि हातात काळंभोर क्लॅरोनेट. माझ्या वरातीतही तेच होते. डीजे आल्यापासून बाकीचे बँड बंद पडले, पण "क्लॅरोनेटवाले मास्तर येणार असतील तरच बँड" असं म्हणणारी घरं अजून होती, म्हणून त्यांचा बँड टिकून होता. एका मंगळवारी ते लेकीला घेऊन आले. लेक नर्स होती, तिनंच ओढून आणलं होतं.

"वरचं म्होरचं चार दात," मास्तर म्हणाले. "फुंकाया गेलं की आत जात्यात, दम घेतला की भाईर येत्यात. बेंजोच्या बटनावानी खेळ चाललाय त्यांचा."

मी फोटो काढून बघितला. दातांभोवतीचं हाड बरंच झिजलेलं, हिरडीतून पू. तंबाखूचा बार वर्षानुवर्षं त्याच ठिकाणी. मी सांगितलं, हे काढावे लागतील, कवळी बसवू, चांगली बसते हल्ली. मास्तरांचा चेहरा उतरला.

"म्याडम, आमच्यात एक ट्रंपेटवाला हुता. त्यानं कवळी बसवली. भर वरातीत जोरात फुंकलं आन् कवळी उडाली ती थेट घोड्याच्या म्होरं. घोडं बुजलं, नवरदेव खाली. तवाधरनं त्याला कुनी बोलावलं न्हाई. आता घरीच असतोय."

मला हसू आलं, पण त्यांची लेक हसत नव्हती. तिचं लग्न ठरलं होतं. "मॅडम," ती म्हणाली, "तालुक्यातल्या सगळ्या पोरींना पप्पांनी वाजवत वाजवत सासरी पोचवलं. माझ्या लग्नात काय डीजे लावायचा?"

मास्तर खाली बघत म्हणाले, "दात ऱ्हाऊ द्या न्हाईतर जाऊ द्या. पन पोरीच्या लग्नात फुंकता आलं पायजे. त्याच्या म्होरं मी काय मागत न्हाई."

मी त्यांना गुरुवारी यायला सांगितलं.

सरांनी विचारलं, "रक्त येतं का?" मास्तर म्हणाले, "येतंय की." सर खूश झाले. मग तोंडात बघितलं आणि खुशी मावळली. चारही दात त्यांनी अंगठ्यानं एकेक करून मागंपुढं करून बघितले. शेवटी म्हणाले, "वाचतील असं मी म्हणणार नाही. प्रयत्नाला जागा आहे, एवढंच म्हणतो. पण तंबाखू आजपासून बंद. ब्रश मी शिकवीन तसाच. आणि मी सांगेपर्यंत फुंकायचं नाही."

"न्हाई फुंकायचं? सर, लग्नसराई तोंडावर आलीया!"

"मग लग्नसराई सांभाळा, लेकीच्या लग्नात कवळी उडवा."

मास्तरांनी खिशातली तंबाखूची पुडी काढून टेबलावर ठेवली. शेजारी उभ्या लेकीनं ती उचलून खिडकीबाहेर फेकली. "शबुद दिला सर," मास्तर म्हणाले.

पुढच्या गुरुवारी सरांनी हिरडी उघडून मुळं साफ केली, टाके घातले, आणि चारही दात शेजारच्या घट्ट दातांना मागच्या बाजूनं बारीक तारेनं बांधून टाकले. सरांना काम करताना गुणगुणायची सवय. मी सवयीनं बहिरी झाले होते, पण मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सर घाबरले. "दुखतंय का? भूल उतरली का?" मास्तरांनी मान हलवली. तोंडातला कापूस काढल्यावर म्हणाले, "दुकत न्हाई सर. पन तुमी त्यो सूर धरलाय ना, त्यो सूर न्हाई." सर म्हणाले, "मला गाण्यातलं काही कळत नाही." मास्तर अगदी मनापासून म्हणाले, "व्हय, त्ये कळलं."

लग्नसराई सुरू झाली. मी एका गुरुवारी संध्याकाळी नगरला माहेरी निघाले होते, म्हणून सरांच्याच बसमध्ये होते. राहुरीच्या अलीकडं रस्त्यावर वरात आडवी आली आणि बस थांबली. सर खिडकीतून बघत होते. एकदम ताडकन उठले. "बाई! तो आपला माणूस!"

बघते तर काय, वरातीच्या पुढं लाल कोटात मास्तर. क्लॅरोनेट तोंडात, गाल फुगलेले, बोटं भराभर नाचतायत. सर कंडक्टरला बाजूला सारून खाली उतरलेसुद्धा. मी मागं धावले. सर थेट घोड्याच्या पुढून वरातीत शिरले, मास्तरांसमोर उभे राहिले आणि बॅटरी पेटवून ओरडले, "तोंड उघडा!"

ढोल थांबला. ताशा थांबला. शेवटी गाडीवरचा बेंजो थांबला. नवरदेव घोड्यावरून वाकून बघायला लागला. सरांनी मास्तरांच्या हातातून क्लॅरोनेट हिसकावून घेतलं. "शबुद दिला होतात! शबुद!"

मास्तरांनी सरांच्या हातातल्या क्लॅरोनेटचं फुंकायचं टोक हळूच त्यांच्याकडं वळवलं. "बघा सर. पत्तीच काढून ठेवलीया. पत्तीबिगर ह्यातनं वारासुदीक वाजत न्हाई. म्या फकस्त बोटं हलवितो. सूर समदा बेंजो वडतोय."

सरांचा हात खाली आला. क्लॅरोनेटच्या तोंडाला खरंच पत्ती नव्हती. मास्तर म्हणाले, "मी म्होरं उभा ऱ्हायलो न्हाई तर पोरास्नी काम भेटत न्हाई सर. म्हनून उभा ऱ्हातो."

हे सगळं वरातीनंही ऐकलं. आता नवरदेवाचे मामा पुढं आले. "म्हंजी? आमी क्लॅरोनेटवालं मास्तर सांगितलं आन् तुमी मुकं क्लॅरोनेट दावताय? लोकं काय म्हनतील?" बाकीचे पाहुणेही कुरबुरायला लागले. बँडमधली पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मास्तर मान खाली घालून उभे. मी सरांकडं बघितलं. मला त्या क्षणी सरांचा इतका राग आला होता, की हिरड्यांचं खातंच बंद करावं असं वाटलं.

सर मामांना म्हणाले, "चूक माझी आहे. मी ह्यांचा डॉक्टर. ह्यांनी फुंकलं असतं तर तुमची वरात झाली असती आणि ह्यांचे दात गेले असते. वरातीची मजा मी घालवली. आता मी काय करू सांगा."

मामा भडकलेले. "काय करनार तुमी? नाचा!"

मला वाटलं, आता भांडण. पण सरांनी क्लॅरोनेट मास्तरांना परत दिलं, पिशवी माझ्या हातात दिली, चष्मा खिशात ठेवला आणि बेंजोवाल्याला म्हणाले, "वाजवा."

सर नाचले. त्याला नाच म्हणावं का, हा प्रश्न आहे. त्यांना एकच हालचाल येत होती आणि ती उभा जन्म कणसावर केलेली. एक हात तिरका धरून वरून खाली, वरून खाली, मग खालून वर, खालून वर. आणि तालाबिलाशी संबंध न ठेवता तोंडानं मोठ्यानं, "हिरडीकडून दाताकडं! हिरडीकडून दाताकडं!" आधी पोरं खिदळली. मग एक-दोघं तसंच करायला लागली. मग वऱ्हाडातल्या बायका. शेवटी मामासुद्धा, हात तिरका करून, घामाघूम. बसमधली माणसं खाली उतरली. कंडक्टर तोंडावरचा हात काढून नाचत होता, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. अख्खी वरात दात घासत घासत नवरीच्या दारापर्यंत गेली. मास्तर पुढं बोटं हलवत होते आणि आता त्यांच्या मुक्या क्लॅरोनेटची कोणी चौकशी करत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात हा नाच दोन-चार वरातींत दिसला म्हणतात. सरांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "हात तिरका धरतात का? नाहीतर उपयोग नाही."

लेकीनं लग्नाचा दिवस मुद्दाम गुरुवार धरला. सर यावेत म्हणून. सकाळीच मास्तर दवाखान्यात आले, लाल कोट घालून. क्लॅरोनेटची पत्ती खिशात, कागदात गुंडाळलेली. सरांनी एकेक दात अंगठ्यानं बघितला. तीन घट्ट. चौथ्यावर त्यांचा अंगठा रेंगाळला. पुन्हा बघितला. मी ओळखलं.

"हालतोय का?" मास्तरांनी विचारलं.

"जरासा."

"मंग?" मास्तरांनी खिशातली पत्ती चाचपली. "पोरगी तयार होऊन बसलीया सर. म्या तिला सांगितलंय."

सर खिडकीजवळ जाऊन उभे राहिले. मला त्यांची पाठ दिसत होती. त्यांच्या ठिकाणी मी असते तर नाही म्हणाले असते, आणि शास्त्र माझ्या बाजूनं उभं राहिलं असतं. सर वळले आणि म्हणाले, "एकच धून. दुसरी नाही. मी समोर उभा राहीन."

"ऊस न्हाई सोलायचा?"

"तुमची परीक्षा ऊस नाही."

चर्चमधला विधी झाला आणि सगळे बाहेर मांडवात आले. सासूबाईही होत्या, मुलाच्या वरातीत मास्तरांनी वाजवलं होतं म्हणून हट्टानं आलेल्या. गुरुवार असल्यामुळं पदर तोंडावर. नवरी समोर बसली. मास्तरांनी पत्ती ओली केली, बसवली. आणि सर जाऊन त्यांच्यापुढं उभे राहिले. पुढं म्हणजे किती? फोटोग्राफरच्या प्रत्येक फोटोत नवरीच्या बापाच्या जागी सरांचं टक्कल आलं आहे. एका खिशात तार, एका खिशात कापूस, हातात बॅटरी, आणि नजर मास्तरांच्या वरच्या ओठाखाली. फादरनी त्यांना हलक्या हातानं जरा बाजूला करून पाहिलं. सर हलले नाहीत.

मास्तरांनी पाठवणीची धून वाजवली. तीच, जी माझ्या वेळी वाजवली होती. पहिला सूर जरा चाचरत आला, मग मोकळा झाला आणि मांडवभर पसरला. इतके महिने गप्प बसलेला माणूस एकदाचा बोलायला लागावा, तसं ते होतं. नवरी रडली. मी रडले. माझ्या शेजारी सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या, पण तोच पदर लगेच परत तोंडावर.

धून संपली. सरांनी क्लॅरोनेट बाजूला केलं, अंगठा लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आहे तसाच आहे." टाळ्या पडल्या. मास्तरांनी सरांना मिठी मारली. सरांच्या शर्टाला सोनेरी झालर अडकली, ती सोडवायला दोन माणसं लागली.

नंतर पंगतीच्या गडबडीत सर माझ्याजवळच्या खुर्चीत येऊन बसले. जरा वेळानं हळूच म्हणाले, "बाई, बरं वाजवलं का हो त्यांनी?"

मला कळेना. "म्हणजे काय सर? तुम्ही तर नाकाला नाक लावून उभे होतात."

"मी हिरडी बघत होतो," सर म्हणाले. ते ओशाळले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना ओशाळलेलं पाहिलं नव्हतं. "काय वाजवलं, कधी सुरू केलं, कधी संपलं, काहीच ऐकू आलं नाही मला. सगळे रडत होते म्हणून विचारलं."

माझ्या पोटात काही राहत नाही. मी उठून मास्तरांना सांगितलं. मास्तर हातातलं ताट ठेवून तसेच आले.

"सर, पुन्यांदा वाजवितो."

"एकच म्हटलं होतं मी."

"ते पोरीसाटी झालं. ह्ये तुमच्यासाटी."

सर त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. तो चौथा दात त्यांच्या डोळ्यांपुढं असणार. मग त्यांनी खिशातून बॅटरी काढली आणि माझ्या हातात दिली. खुर्चीत नीट बसले, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले.

मास्तरांनी तीच धून पुन्हा धरली. मागं बँडची पोरं गंमत म्हणून हात तिरका करून सरांचा तो नाच करायला लागली, वरून खाली, खालून वर. पाहुणे उठले, नवरी उठली, फादरही जागच्या जागी एक हात हलवायला लागले. फादरना दात घासताना बघून सासूबाईंचा धीर सुटला. पदर गळून पडला आणि त्या सरांपासून हाताच्या अंतरावर उभ्या राहून मोठ्यांदा, खदाखदा, तोंड उघडं टाकून हसत सुटल्या. भर दुपारचं ऊन होतं. मिश्रीनं काळ्या झालेल्या सगळ्या हिरड्या, वरच्या, खालच्या, अगदी मागच्या दाढेपर्यंत लख्ख दिसत होत्या.

बॅटरी माझ्या हातात होती. मी सरांकडं बघितलं. ते ऐकत होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत.